शेजारी दहाचं नाणं ठेव

गेल्या वर्षी मे महिन्यात एका रात्री साडेअकराला बाळूचे फोटो यायला लागले, टिंग टिंग टिंग, एकापाठोपाठ एक 23 फोटो. बाळू म्हणजे माझा धाकटा चुलतभाऊ, गावचं घर तोच बघतो. वाई तालुक्यातलं मातीच्या भिंतींचं कौलारू घर आमचं, त्याची कौलं उतरवून स्लॅब टाकायचं एकदाचं ठरलं होतं, म्हणजे माळा रिकामा करणं आलं, आणि आमचा माळा म्हणजे तीन पिढ्यांचं "असू दे, लागेल कधीतरी". फोटोंच्या खाली मेसेज, ताई रविवारी भंगारवाला येतोय, यातलं काय ठेवायचं ते सांग, तुला यातलं कळतं.

मला कळतं असं सगळ्यांना वाटतं कारण मी भोसरीत एका टूलरूममध्ये क्वालिटीला आहे. 19 वर्षं झाली, दिवसभर मायक्रोमीटर आणि व्हर्निअर हातात. पण तिथे प्रत्येक पार्टचं ड्रॉइंग असतं, नंबर असतो, काय मटेरिअल ते लिहिलेलं असतं. इथे काय तर साठच्या बल्बच्या पिवळ्या उजेडात वर फ्लॅश मारून काढलेले फोटो, वस्तू अर्ध्या अंधारात आणि कडेला बाळूची चप्पल.

पण खोटं कशाला बोलू, झोप उडाली ती उडालीच, दीड वाजेपर्यंत मी झूम करकरून बघत बसले होते.

आधी सोपा मार्ग म्हणून फोनमधल्या त्या फोटो ओळखणाऱ्या अॅपला विचारलं. त्याच्या मते 23 पैकी 17 वस्तू 'व्हिंटेज डेकोर' होत्या. पितळेचा ओळंबा त्याला गळ्यातलं पेंडंट वाटला. गंमत म्हणजे त्या ओळंब्याचा फोटो वेगळा आणि मधोमध भोक असलेल्या एका लाकडी ठोकळ्याचा फोटो वेगळा, त्यांच्यामध्ये दहा-बारा फोटो दुसरेच, आणि बाळूने ठोकळ्याखाली लिहिलेलं "हे काय माहीत नाही, सरपणात टाकू का". अरे बाबा ती जोडी आहे. गवंडी तो ठोकळा भिंतीला टेकवून धरतो, त्याच्या भोकातून दोरी खाली जाते आणि खाली पितळी वजन लोंबतं, ठोकळ्याची रुंदी आणि वजनाचा व्यास तंतोतंत सारखा असतो म्हणून वजन भिंतीला जेमतेम शिवलं की भिंत सरळ, टेकून बसलं किंवा लांब राहिलं की भिंत कुठेतरी कललेली. दोन्ही फोटोत चप्पल होती म्हणून मला रुंदी पडताळता आली. ती चप्पल नसती तर तो ठोकळा पाणी तापवायलाच गेला असता, आणि एकट्या ओळंब्याला मग खरंच पेंडंट म्हणायलाही हरकत नव्हती.

दुसऱ्या दिवशी बाळूला फोन करून सांगितलं, सगळे फोटो परत काढ, दिवसा काढ, अंगणात काढ, फ्लॅश नको, प्रत्येक वस्तू उलटी करून एक सुलटी करून एक, आणि शेजारी दहाचं नाणं ठेव. दहाच्या नाण्याचा व्यास 27 मिलिमीटर, हे मला पाठ आहे. बाळू म्हणाला माझ्याकडे सुटे नाहीत. मग वहिनीने देव्हाऱ्यातलं दिलं.

त्या नाण्याने काय काय केलं ते सांगते. एक गंजलेला बोल्ट होता, चौकोनी डोक्याचा, बोटभर जाडीचा. नाण्याच्या रुंदीत त्याचे आटे मोजले, पावणेतेराच्या आसपास भरले. आपला आजचा 12 एमएमचा बोल्ट असता तर तेवढ्याच अंतरात साडेपंधरा आटे बसले असते. म्हणजे हा अर्ध्या इंचाचा व्हिटवर्थ, इंचाला 12 आटे, जोसेफ व्हिटवर्थ नावाच्या इंग्लिश इंजिनिअरने 1841 मध्ये घालून दिलेलं ते माप. आपल्याकडे मेट्रिकचा कायदा 1956 चा, त्यामुळे हा बोल्ट बहुतेक त्याच्या अलीकडपलीकडचा. काकांना विचारलं तर ते लगेच म्हणाले आपल्या गुऱ्हाळाच्या चरकाचा असणार. आपलं गुऱ्हाळ होतं हेच मला त्या दिवशी कळलं!

चपट्या लोखंडाचे चार तुकडे होते, स्वल्पविरामाच्या आकाराचे, कडेकडेने भोकं पाडलेली. पुतण्याने लिहिलं कडी-कोयंड्याचा पार्ट. त्याचा दोष नाही, त्याने बैल जवळून बघितलाय तो पोळ्याच्या फोटोत. बैलाचा खूर दुभंगलेला असतो, घोड्यासारखा एकसंध नाल त्याला चालत नाही, म्हणून एका पायाला दोन पत्र्या, एका बैलाच्या आठ. डांबरी रस्त्यावरून गाडी ओढायची तर पत्र्या मारल्याशिवाय खूर टिकत नाही, ऊसतोडीच्या बैलांना आजही मारतात. चार तुकड्यांपैकी दोन इतके झिजलेले की नाण्यापेक्षा पातळ दिसत होते आणि दोन कोरे करकरीत. कोरे कशासाठी आणून ठेवले असतील आणि मग बैलच कधी गेले असतील, हे फोटोत दिसत नाही.

मला सगळ्यात आवडला तो एक विळा. नुसता विळा म्हणून बघितला तर काही नाही, असे चार होते. पण झूम केल्यावर पात्यावर मुठीकडच्या बाजूला बारीक तिरप्या रेघा दिसल्या, एकमेकींना छेदणाऱ्या, जाळीसारख्या. ती कानस होती! झिजून निकामी झालेली कानस लोहाराने तापवून, ठोकून त्याचा विळा केलेला, आणि मुठीजवळ घण कमी बसला म्हणून तिथे दाते पुसट राहून गेलेले. कानशीचं पोलाद कडक, धार धरतं, लोहाराला ते बरोबर ठाऊक होतं, मेटलर्जीचा पेपर न देता. आमच्या शाळेची घंटा रुळाचा तुकडा होती, ट्रकच्या कमानीच्या पाट्यांच्या कोयत्या-कुऱ्हाडी अर्ध्या महाराष्ट्रात आहेत. त्यामुळे ही वस्तू काय आहे या प्रश्नाला आमच्याकडे नेहमी दोन उत्तरं निघतात, काय म्हणून जन्माला आली आणि काय म्हणून राबली, आणि भंगारवाल्याचं उत्तर तिसरं, किती किलो.

एका वस्तऱ्यावर अक्षरं होती, 'मेड इन जर्मनी'. म्हणजे निदान 1887 नंतरचा, कारण त्या साली ब्रिटनने कायदा केला की परदेशी मालावर देशाचं नाव घाला. कल्पना अशी होती की जर्मन माल कमअस्सल म्हणून लोक घेणार नाहीत, झालं नेमकं उलटं, लोक तोच शिक्का बघून घ्यायला लागले. बाकी दिवे, स्टोव्हच्या पिना, कुलपं वगैरे होतं, त्यात विशेष काही नाही.

मापं होती बरीच. लाकडी पायली, तिच्या तोंडाला पितळी कडं, आणि तिच्याहून लहान लहान होत गेलेली लोखंडी. हे मला आईने लहानपणी पाढ्यासारखं शिकवलेलं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली. फोटोत सगळी एका ओळीत मांडली तेव्हा लक्षात आलं की मधलं मापटं नाहीये. वहिनीला विचारलं तर ते पिठाच्या डब्यात होतं, रोजच्या वापरात, ते माळ्यावर कशाला जाईल.

नावांचा मात्र वेगळाच घोळ. माझं सासर लातूरकडचं. सासूबाईंना फोटो दाखवले की प्रत्येक वस्तूचं नाव बदलतं, आणि दोघींपैकी कुणीच माघार घेत नाही, माझी आई आणि सासूबाई. लिहिताना विळी म्हणावं तर मालवणची मैत्रीण म्हणते आदाळी म्हण गं. जात्याच्या वरच्या पाळीच्या तोंडात बसवलेला भोकाचा तुकडा असतो, ज्यात खालचा खुंटा फिरतो, त्याला आई माकडी म्हणते. तो तुकडा सुटा होऊन पडला होता, तळहाताएवढा, मध्ये खळगा पडलेला, आणि आमच्या घरातल्या चार इंजिनिअरांनी त्याची चार नावं ठेवली, एकाने तर बेअरिंग म्हटलं. त्याचं मात्र बरोबर होतं, बेअरिंगच ते.

आता 14 नंबर. अॅप म्हणालं लाकडी गॉब्लेट, म्हणजे दारूचा पेला. काळंभोर पडलेलं लाकूड, वर पसरट वाटी, खाली निमुळतं होत गेलेलं, आणि बाळूने उलटा करून काढलेल्या फोटोत तळाशी चार भोकं. कुणी म्हणालं फुलदाणी, कुणी म्हणालं उदबत्तीचं घर. मला अंधुक माहीत होतं पण नाव जिभेवर येईना, आणि हे असं अर्धवट आठवणं फार वाईट, दाताच्या फटीत शेंगदाण्याचं साल अडकल्यासारखं.

त्याच आठवड्यात आत्याकडे साताऱ्याला जाणं झालं. आत्या 81 वर्षांची, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, ऐकू कमी येतं. तिच्यापुढे फोन धरला. तिने फोन हातात घेतलाच नाही. थोडी पुढे वाकून बघितलं, आणि मग तिचा डावा हात कमरेशी गेला, जिथे पदराचा ओटा खोचतात तिथे, आणि उजव्या हाताची मूठ वळली आणि अंगठा पहिल्या बोटावरून हळूहळू सरकायला लागला, सरक-सरक-सरक, एका लयीत. म्हणाली, "नाव आठवंना बघ." हात चालूच. मी काही बोलले नाही. मिनिटभराने म्हणाली, "चाडं गं. पाभरीचं चाडं. चाड्यावर मूठ धरायची असती."

मग तिने तासभर सांगितलं. आबा पाभर, म्हणजे पेरणीचं अवजार, धरणार, पुढे बैल, आणि मागे बी सोडायला आत्या, लग्नाच्या आधी चौदा-पंधराव्या वर्षापासून. ओट्यात ज्वारी. मूठ चाड्यावर धरायची आणि चालता चालता दाणे असे सोडायचे की चारी भोकांत सारखे जातील, भोकांतून बांबूच्या नळ्यांमध्ये, नळ्यांतून फणाच्या मागे तासात, म्हणजे चरीत. जास्त सुटलं की पीक दाट येणार, हात अडखळला की तेवढ्या जागेत नांग्या पडणार, म्हणजे जागा मोकळी राहणार, आणि ते त्या दिवशी कुणालाच कळणार नाही, आठ दिवसांनी उगवून आलं की सगळ्या गावाला दिसणार कुठे कुणाची मूठ चुकली. मी आयुष्यभर इन्स्पेक्शन करतेय, इतकं कडक इन्स्पेक्शन मी बघितलेलं नाही. सासूबाईंच्या भागात तिफण, तिचे फण तीन, म्हणून चाड्याला भोकं तीन. म्हणजे नुसती भोकं मोजूनही कळतं की पाभरीचं चाडं का तिफणीचं.

नावाच्या आधी हाताला आठवलं, हे मी तोवर कधी बघितलं नव्हतं. आम्ही सगळे फोटोतला आकार बघत होतो, अॅपपण आकारच बघत होतं, आणि आकारावरून तो पेलाच वाटतो.

रोमन लोकांची एक वस्तू आहे, ब्राँझची, पोकळ, बारा तोंडांची, प्रत्येक तोंडाला लहानमोठं गोल भोक आणि कोपऱ्या-कोपऱ्यावर गोळ्या. युरोपच्या वायव्य भागात अशा शंभराच्या वर सापडल्यात, पहिली नोंद 1739 ची, इंग्लंडमधली. जगभरच्या लोकांनी तर्क लढवले, मेणबत्तीची बैठक, हातमोजे विणायचा साचा, अंतर मोजायचं यंत्र, भविष्य सांगायचा फासा. एकाही रोमन माणसाने तिच्याबद्दल लिहून ठेवलेलं नाही. मला वाटतं ती रोज वापरातली असेल आणि कशासाठी ते सगळ्यांना माहीत असेल, मग लिहिणार कोण? चाडं म्हणजे काय हे आमच्या आबांनी तरी कुठे लिहून ठेवलं होतं.

पुण्याच्या केळकर म्युझियममध्ये मी शाळेच्या सहलीतून गेले होते तेव्हा कंटाळले होते, ह्या गोष्टीनंतर परत गेले आणि अख्खा दिवस काढला. दिनकर केळकर कवी, 'अज्ञातवासी' नावाने लिहायचे, आणि त्यांनी 1920 च्या सुमारास गोळा करायला सुरुवात केली ती तलवारी-मुकुटांपेक्षा अडकित्ते, दिवे, दौती, भांडी, कुलपं असल्या घरगुती वस्तूंची, आणि संग्रहाला नाव दिलं लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं. एकेक अडकित्ता बघत बसावा असा आहे. तक्रार करायचीच तर एवढीच की काचेमागे वस्तू फोटोसारखीच होते, पाठ दिसत नाही. माझी सवय वाईट, मला वस्तू उलटी करून बघायची असते.

बरं, माझी फजिती राहिली. पहिल्या रात्रीच्या फोटोंत, म्हणजे नाण्याच्या आधीच्या, एका फोटोत दगडी जातं, पाटा-वरवंटा आणि उखळ असं एकत्र होतं. चप्पल नेमकी त्याच फोटोत नव्हती. मी रात्री एक वाजता ठसक्यात लिहिलं, "हे अजिबात पुण्याला पाठवू नका, जातं एकटं चाळीस किलोचं असेल, अंगणात राहू दे, माणसं लावून हलवा, कंबर मोडून घेऊ नका." वर त्या दगडाबद्दल आणि टाकीच्या घावांबद्दल चांगले दोन पॅराग्राफ. कुणी काही बोललं नाही. पंधरा दिवसांनी गावाकडून आंब्याच्या पेटीत आंब्यांच्या मधे कागदात गुंडाळलेला एक पुडा आला. जातं माझ्या तळहातावर मावलं. भातुकलीचं होतं, आत्याच्या लहानपणीचं. वहिनीने चिठ्ठी लिहिलेली, "दोन माणसं लावून पेटीत ठेवलं." ती चिठ्ठी नवऱ्याने फ्रिजवर लावली, अजून आहे. भातुकली करणाऱ्या कारागिराची कमालच ही की सगळी प्रमाणं खरी, खुंट्यासकट, त्यामुळे फोटोत ती पकडता येत नाही. घावांवरून मात्र यायला हवी होती, घाव काही लहान होत नाहीत, छिन्नी तीच असते, ते मला दिसायला पाहिजे होतं.

शेवटचा फोटो 21 नंबरचा. साधं लोखंडी उलथनं, आणि बाळूने खाली लिहिलेलं "भंगार". मीही पुढे गेले होते. मग परत आले, कारण काहीतरी खुपत होतं, आमच्याकडे लॉटमध्ये एखादा पार्ट उलटा ठेवलेला असला की खुपतं तसं. पात्याचा एक कोपरा झिजून तिरपा झालेला, चांगला अर्धा इंच गेलेला. झीज असणारच, त्यात काय. पण उजवा कोपरा. मी उठून माझं उलथनं काढलं, आईकडून आणलेलं, तीस वर्षं वापरातलं, त्याचा डावा कोपरा गेलेला. कामवाल्या मावशींना विचारलं, त्यांच्याकडचंही डावीकडेच. उजव्या हाताने तव्याखाली सारलं की डावीकडचं टोक आधी घासतं.

आधी स्वतःवर संशय घ्यायचा ही ट्रेनिंग. फोटो आरशासारखा उलटा तर नाही ना आला, हल्ली फोन करतात असं. मागे डालड्याचा डबा होता, त्याची अक्षरं सुलटी होती. मग उलथनं पालथं तर नाही ना ठेवलेलं? मानेचा बाक बघितला, खाली पडलेली सावली बघितली, पातं उताणंच होतं, आणि बाळूने दुसऱ्या बाजूचाही फोटो काढला होता त्यातही जुळत होतं. म्हणजे एकच राहिलं.

बाळूला फोन केला, घरात कोण डावखुरं होतं का रे? म्हणाला कुणीच नाही. आई नाही म्हणाली, काका नाही म्हणाले, सगळे खात्रीने. आत्याला फोन लावला, दोनदा ओरडून सांगावं लागलं, उलथनं, उलथनं, कोपरा झिजलाय, उजवा. पलीकडे शांतता. मला वाटलं ऐकू गेलं नाही.

"आईचं असंल," आत्या म्हणाली. आई म्हणजे माझी आजी. ती गेली तेव्हा मी चार वर्षांची होते, तिचा एक लग्नातला फोटो सोडला तर माझ्याकडे तिचं काहीच नाही. "डावरी व्हती ती. कुणाला ठावं न्हाई. देवाला उजवा, जेवाया उजवा, वाढाया उजवा, सासूनं पळी हाणून हाणून शिकवल्यालं. चुलीम्होरं एकटी असली की मग डावा. तिथं कोण बघाया येतंय?"

बाळूला मेसेज केला 21 नंबर ठेव. तो म्हणाला ताई ते पोत्यात गेलं. मग त्याने पोतं परत उसवलं, भंगारवाल्याचा चहा होईपर्यंत.

आता ते माझ्याकडे आहे. घासून, तेल लावून घेतलं. आल्या दिवशी भाकरी टाकली आणि नेहमीसारखं उजव्या हातात धरलं, तर टोक तव्यावर बसेना, कड वर उचलली गेली आणि भाकरी फाटली. डाव्या हातात घेतलं. हात माझा आडमुठाच, पण ती झिजलेली कड तव्यावर अशी सपाट बसली, खालून उजेडसुद्धा दिसेना.